नुसता पहाटेचा पारा छापू नका, दुपारचाही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की आपल्या पेपरात पहिल्या पानावर पुण्याचा पारा येतो. ९ अंश, साडेआठ अंश, पुणेकर गारठले, सोबत शेकोटीचा फोटो. बातमी खोटी नसते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ही बातमी पुण्यातले लोक वाचत नसतील इतकी बारकाईने आम्ही इकडे चिपळूण, खेड, गुहागर भागातले लोक वाचतो, कारण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडचं कुणी ना कुणी पुण्याला निघालेलंच असतं, कुणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचंय, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचाय, आणि काय घालून जायचं ते तो एक आकडा बघून ठरतं. ९ अंश वाचलं की कपाटातला सगळ्यात जाड स्वेटर निघतो, कानटोपी निघते, म्हाताऱ्या माणसांना दोन-दोन शाली गुंडाळल्या जातात, आणि मग दुपारी १ वाजता हीच माणसं लक्ष्मी रोडला भर उन्हात त्या सगळ्या ओझ्यासकट घामाघूम होऊन उभी असतात. हे मी दरवर्षी बघते म्हणून आज लिहायला बसले.

हा आकडा येतो कुठून ते आधी बघूया. पुण्याचं तापमान म्हणून जे छापून येतं ते बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेतलं असतं, त्या भागाला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात कारण हवामान खात्याचं मुख्य ऑफिस १९२८ च्या सुमारास सिमल्याहून तिथे आलं. तिथे किमान तापमानाची नोंद सकाळी साडेआठला घेतात आणि कमाल तापमानाची संध्याकाळी साडेपाचला. जमिनीपासून साधारण चार फुटांवर झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी असते, तिच्यात थर्मामीटर, वर ऊन लागत नाही आणि थेट वाराही लागत नाही. म्हणजे छापलेला ९ हा आकडा पहाटेचा, सूर्य उगवायच्या आसपासचा, चोवीस तासातला सगळ्यात गार क्षण, आणि तोही सावलीतला. स्कूटरवर मागे बसलेल्या बाईला तो ९ सहाचा वाटणार आणि दुपारी डांबरी रस्त्यावर चालणाऱ्याला छापलेले ३० पस्तिसासारखे वाटणार, हे त्या आकड्यात कुठे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मंगळवारी सकाळी मोजलेला पारा बुधवारच्या पेपरात येतो, तो वाचून आमच्याकडचा माणूस बुधवारी रात्री गाडीत बसतो आणि गुरुवारी पहाटे स्वारगेटला उतरतो. दोन दिवसांचं अंतर पडलं ना. पुण्यातल्या माणसाला याने फारसा फरक पडत नाही, तो खिडकी उघडून बघतो आणि ठरवतो, पण आम्हाला घरातून निघतानाच सगळं बरोबर घ्यावं लागतं, नंतर घाट उतरून घरी येऊन स्वेटर बदलता येत नाही.

पुण्याचा थंडीतला दिवस कसा असतो ते आमच्याकडच्या वाचकांसाठी लिहिते, पुणेकरांना हे पाठ असेल. आभाळ निरभ्र असेल तर पहाटे ९-१०, दुपारी अडीच-तीनला २९-३०. एकाच दिवसात एकाच शहरात २० अंशांचा फरक. आमच्याकडे समुद्राजवळ असं नसतं, रत्नागिरीला जानेवारीत रात्री १८-१९ आणि दुपारी ३१-३२ असं धरलं तरी फरक १२-१३ चाच, सकाळी घातलेले कपडे रात्रीपर्यंत चालतात. म्हणून दिवसभरात तीनदा कपडे कमी-जास्त करायचे असतात ही सवयच आम्हाला नाही. हवामान खात्याच्या नियमातसुद्धा हा फरक धरलाय, थंडीची लाट म्हणायला सपाट प्रदेशात पारा १० किंवा त्याखाली यावा लागतो आणि किनाऱ्याच्या भागात १५ लाच विचार होतो, अर्थात नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी खाली उतरलेला हवा ही अट दोन्हीकडे आहेच. म्हणजे आमच्या अंगाला १५ म्हणजे थंडीच, आणि त्या अंगाने आम्ही ९ अंशात उतरतो, मग घाबरून जास्त कपडे घेणारच माणूस, त्यात त्याचं काय चुकलं.

आमची गाडी कुंभार्ली घाट चढते, कोयनानगर, पाटण करत उंब्रजला हायवेला लागते. खरी थंडी तर तिथेच गाडीत वाजते, खिडकीची काच कितीही ओढली तरी बोटभर फट राहतेच आणि त्या फटीतून सरळ मानेवर वारा येतो. पाय तर असे गार पडतात की सातारा येईपर्यंत बोटं कळत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, जाड स्वेटर राहूदे पण मोजे आणि मानेला गुंडाळायला काहीतरी सुती किंवा लोकरी हवंच. साडी नेसणाऱ्या बायकांसाठी अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, चप्पल घालता येते, कुठल्याही होजिअरीच्या दुकानात असतात आणि महाग नसतात. माझ्या सासूबाईंना ते मोजे घातले तेव्हापासून प्रवासात पायाची कुरकुर नाही.

पहाटे ५ ला स्वारगेटला उतरलं की अंगावर काटा येतो. रिक्षात बसलं की आणखी वारा. जानेवारीत पुण्यात सूर्य उगवायलाच ७ वाजून जातात आणि अंगाला ऊब लागेल असं ऊन यायला साडेआठ-नऊ. १० वाजता स्वेटर नको वाटायला लागतो, ११ ला तो काढावाच लागतो, १२ ते ४ ही वेळ आपल्याकडच्या फेब्रुवारीतल्या दुपारसारखी, वरून हवा कोरडी, घाम चटकन वाळतो म्हणून तहान लागल्याचं कळत नाही आणि मग डोकं धरतं. सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळला की तासाभरात गारवा परत येतो, आणि तो हळूहळू येत नाही, ७ वाजेपर्यंत हाफ शर्टातला माणूस हात चोळायला लागतो. म्हणजे थंडी दिवसाच्या दोन टोकांना आहे आणि मधे उन्हाळा आहे. पेपरातल्या हेडलाइनमध्ये यातलं एकच टोक असतं.

आता दवाखान्याचं सांगते, कारण पुण्याला जाणाऱ्यांत तेच लोक जास्त आणि सगळ्यात जास्त हाल त्यांचेच. सासूबाईंना दाखवायला आम्ही जातो तेव्हाचा क्रम ठरलेला आहे. पहाटे उतरायचं, नातेवाइकांकडे आंघोळ-चहा, रक्त द्यायचं असलं तर चहा पण नाही, आणि ८ ला लाइनीत. आता डोक्यातून घालायचा बंद गळ्याचा स्वेटर असला की पंचाईत बघा. रक्त घ्यायला बाही कोपराच्या वर जायला हवी, ती घट्ट बाही वर सरकत नाही, मग स्वेटर डोक्यातून काढायचा, अंबाडा सुटतो, चष्मा अडकतो, खांदा दुखणारं माणूस असेल तर हात वर जात नाही, मागे लाइन थांबलेली, सिस्टर बिचारी घाई करते. एक्सरेला परत तेच, बीपीला परत तेच. म्हणून म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेताना पुढून उघडणारा, मोठ्या बटणांचा आणि सैल बाह्यांचा स्वेटर घालावा, शक्यतो पातळ, आणि त्यावर शाल. शाल झटकन काढता येते, बाकावर बसायला अंथरता येते, एसीत गुडघ्यांवर टाकता येते. एसीचं मुद्दाम सांगते, बाहेर ३० अंश असताना आत वेटिंग हॉलमध्ये इतकं गार असतं की पुरुषमंडळीही खांदे आवळून बसलेली दिसतात, त्यामुळे ११ ला काढलेली शाल १२ ला पुन्हा लागते. पिशवीत खाली कोंबलेली नसावी, हाताशी असावी.

आणि म्हातारी माणसं एकदा घातलेला स्वेटर काढत नाहीत हा आणखी एक भाग. आई, काढा की आता, ऊन किती तापलंय, म्हटलं की असूंदे गो, थंडी सांगितलीय आज पेपरात. खरंच असंच उत्तर येतं. पेपरात ९ छापलंय म्हणजे दिवसभर ९. कपाळावर घाम, पदराने पुसतायत, पण स्वेटर अंगावरच. घाम आत मुरतो, मग तोच ओला ब्लाउज संध्याकाळी गार वाऱ्यात अंगाला चिकटतो आणि जास्त थंडी वाजते. लहान मुलांचंही तेच, कानटोपी बांधून टाकलेली असते आणि ती सोडायची कुणाला आठवण राहत नाही, मूल चिडचिड करतंय, रडतंय, सगळे म्हणतात भूक लागली असेल. एकदा टोपीखाली हात घालून बघा, केस ओले असतात. म्हणून जी काही ऊब द्यायची ती एका जाड कपड्याने देऊ नये. आत सुती, वर पातळ लोकरी, त्यावर वारा अडवणारं पातळ जर्किन किंवा शाल, म्हणजे एकेक उतरवता येतं. दोन पातळ कपड्यांच्या मधे जी हवा अडकते तीच खरी ऊब देते, त्यामुळे दोन पातळ मिळून एका जाडाइतकं काम करतात आणि घडी करून पिशवीत मावतात.

इथपर्यंत सगळं निरभ्र आकाशाचं सांगितलं. पण आपल्याकडची थंडी सलग टिकत नाही. उत्तरेकडून कोरडा वारा येतोय तोपर्यंत रात्री आकाश मोकळं, दिवसभर तापलेली जमीन रात्रीत उष्णता सोडून देते आणि पहाटे पारा खाली. मधेच बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काहीतरी तयार होतं, किंवा उत्तरेत पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून सरकत येणारी ढग-पावसाची हवा) येतो, वारा फिरतो, पूर्वेकडून बाष्प येतं, ढग येतात, आणि तेच ढग रात्रीची उष्णता वर जाऊ देत नाहीत. मग दोनच दिवसांत ९ चे १८ होतात, आणि दिवसा ऊन नसल्यामुळे ३० चे २६ वगैरे होतात. म्हणजे रात्री थंडी नाही, दुपारी उकाडा नाही, सगळा दिवस दमट आणि कधी भुरभुर पाऊस. अशा दिवशी जाड स्वेटरचा काडीचा उपयोग नाही, उलट भिजला तर दोन दिवस वाळत नाही, लागतं काय तर फुलबाह्यांचं साधं सुती, पातळ विंडचीटर आणि घडीची छत्री. डिसेंबरात छत्री बरोबर घेतली की इकडे लोक बघत राहतात, पण घ्यावी.

कारण हे काही क्वचित होणारं राहिलेलं नाही. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं, ५ तारखेला मुंबईतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली इतका पाऊस, आणि दुसऱ्याच दिवशी ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन, राज्यभरातून लोक दादरला चैत्यभूमीला आलेले, कुणी विदर्भातून कुणी मराठवाड्यातून, डिसेंबर म्हणून चादर-स्वेटर घेऊन आलेली माणसं, आणि शिवाजी पार्कावर चिखल. त्यांच्या मुक्कामाची सोय पालिकेच्या शाळांमध्ये करावी लागली. २०२१ ला १ डिसेंबरला मुंबई-पुण्यात दिवसभर पाऊस लागला, पुण्यात थंडीऐवजी पावसाळ्यासारखा गारठा, जो पुण्याच्या नेहमीच्या थंडीपेक्षा जास्त झोंबतो कारण ऊन येतच नाही. २०२२ च्या जानेवारीत २२-२३ तारखेला तर पाऊस आणि पाठोपाठ पश्चिमेकडून आलेली धूळ, मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरा थर बसला होता आणि भर दुपारी गार वाटत होतं. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी नाशिक भागात गारा पडल्या, द्राक्षबागांचं नुकसान झालं ते सगळ्यांना आठवत असेल. यातल्या कुठल्याही आठवड्यात आदल्या दिवशीचा किमान पारा वाचून निघालेला माणूस चुकीचेच कपडे घेऊन निघाला असणार.

जागेचाही प्रश्न आहेच. पुणे म्हणजे एक आकडा नाही. पाषाण, शिवाजीनगर, हवेलीकडचा भाग गार, आणि मगरपट्टा, चिंचवड ही ठिकाणं त्याच पहाटे ५-६ अंशांनी उबदार असतात, हवामान खात्याच्याच नोंदी असतात ह्या. म्हणजे पाषाणला ९ असेल तेव्हा मगरपट्ट्याला १४-१५. भाचा तिथेच हडपसरला राहतो, त्याच्याकडे उतरणाऱ्याला पेपरातल्या पुण्याची थंडी लागतच नाही. नाशिकचं तर विचारू नका, निफाडचा पारा ५-६ अंश म्हणून मोठी बातमी येते, ती नोंद कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली, शेतातली, मोकळ्या रानातली. ती वाचून त्र्यंबकेश्वर-पंचवटीला निघालेले लोक नाशिक शहरात निफाडच्या थंडीच्या तयारीने जातात. गावाचं नाव छापता हे चांगलं, पण हेडलाइन मात्र सगळ्या जिल्ह्याची केलेली असते.

मुंबईला जाणाऱ्यांचं उलटं. मुंबईचा पारा मोजतात त्या सांताक्रूझला जानेवारीत सरासरी पहाटे १७ च्या आसपास आणि दुपारी ३१. १९६२ साली तिथे ७.४ पर्यंत पारा गेला होता, तेवढं अजून कुठे कुठे छापून येतं, पण आत्ताच्या मुंबईत स्वेटर लागतो तो फक्त तिथपर्यंत पोचायला. पुण्याहून डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते, शिवाजीनगर-खडकी सोडताना बोचरी थंडी, खंडाळ्याला दारात उभं राहिलं तर आणखी, आणि दादरला उतरलात की शर्ट अंगाला चिकटतो. मग तो स्वेटर हातात धरून लोकलमध्ये चढायचं, गर्दीत हात वर धरायला हवा त्या हातात स्वेटर, दुसऱ्या हातात बॅग. म्हणून मुंबईला जाताना घ्यायचा कपडा बॅगेत मुठीएवढा मावेल असाच घ्यावा, पातळ विंडचीटर पुरतं, बायकांना मोठी ओढणी किंवा स्टोल. संध्याकाळी एसी लोकल मिळाली तर तोच खांद्यावर.

आमच्याकडचे बरेच जण आता थंडीत गाण्याच्या कार्यक्रमांना पण जातात, विशेषतः सवाई गंधर्वला. १९५३ पासूनचा महोत्सव, आता मुकुंदनगरला मोठ्या मैदानावर मांडव घालून होतो. दुपारी आत बसताना उकडतं, माणसांची गर्दी, वर कापड तापलेलं, लोक पंख्याजवळच्या जागा शोधतात. सूर्य कलला की हेच मैदान गार पडायला लागतं, मांडवाच्या कडेला बसलेल्यांना आधी, मधल्यांना नंतर, आणि रात्री ९ नंतर खाली भारतीय बैठकीवर बसलेल्यांना जमिनीतून गारवा वर येतो. मुरलेले श्रोते शाल अंगावर घेऊन येत नाहीत, पिशवीतून आणतात, बरोबर एक जाडसर चादर किंवा सतरंजी असते खाली घ्यायला. शेवटच्या गायकाचं गाणं थंडीने अर्धवट सोडून उठावं लागणं यासारखं वाईट दुसरं काही नाही, आणि इतक्या लांबून गेलेल्या माणसाला ते जास्त लागतं.

परीक्षेला जाणाऱ्या मुलांचं थोडक्यात सांगते. काही परीक्षांना जॅकेट, मोठी बटणं, पूर्ण बाह्या, बूट याबद्दल नियम असतात, ते हॉल तिकिटावर लिहिलेले असतात, पण पालकांचं लक्ष थंडीवर असतं, त्यामुळे सकाळी केंद्राच्या गेटवर स्वेटर काढून ठेवायची वेळ येते आणि मूल नुसत्या टी-शर्टवर दोन-तीन तास गार वर्गात बसतं. नियमात बसत असेल तर आतून पातळ थर्मल किंवा निदान जाडसर बनियन घालून द्यावं, बाहेर काहीही काढायला लावलं तरी आतली ऊब राहते. ओठाला लावायला व्हॅसलीनची डबीही खिशात द्या, कोकणातल्या पोरांचे ओठ पुण्याच्या कोरड्या हवेत एका दिवसात फुटतात.

खर्चाचं पण बोललं पाहिजे. इकडे स्वेटर वर्षातून चार-सहा दिवस लागतो, म्हणून घरात सगळ्यांना मिळून एक-दोनच असतात आणि पुण्याला जाणाऱ्याने ते मागून न्यायचे. त्यात पेपर वाचून घाबरलेला माणूस जाताना बाजारातून हजार-बाराशेचा जाड जॅकेट घेतो, तो एकदा वापरतो आणि नंतर गादीखाली. त्याच पैशात सुती फुलबाह्यांचा एक, पातळ बटणांचा स्वेटर एक, वाऱ्याचं जर्किन एक आणि मोजे असं सगळं येतं, जवळच्या शहरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागलेली असली तर तिथे पातळ, पुढून उघडणारे स्वेटर हमखास मिळतात. पण हे कुणी सांगायला हवं ना. जाड तेच चांगलं असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय आणि शेकोटीच्या फोटोने ते आणखी पक्कं होतं.

आता आपल्याकडे मागणी. किमान तापमान छापू नका असं मी म्हणत नाही, ते द्याच, शेतकऱ्यांना ते फार महत्त्वाचं असतं, द्राक्ष, गहू, आमच्याकडचा आंब्याचा मोहोर सगळं त्या पाऱ्यावर चालतं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चार महिने एक छोटी चौकट द्या, प्रवाशांसाठी. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर एवढी शहरं पुरेत. प्रत्येकासमोर उद्या पहाटे किती, उद्या दुपारी किती, आकाश निरभ्र की ढगाळ, आणि पाऊस संभवतो का. कालचं नको, उद्याचं. हवामान खात्याचा शहरवार सात दिवसांचा अंदाज त्यांच्या साइटवर रोज फुकट असतो, मौसम ॲप २०२० पासून आहे, तुमच्या बातमीदाराला पाच मिनिटांचं काम आहे. ॲप आहे तर लोकांनी स्वतः बघावं असं कुणी म्हणेल, पण ज्यांना दवाखान्यात जायचं असतं त्यातले निम्मे लोक मोबाइलवर फक्त फोन उचलतात, पेपर मात्र रोज वाचतात, चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

हेडलाइनमध्येही ९ च्या शेजारी ३० टाका, म्हणजे पुण्यात पहाटे ९, दुपारी ३०, इतकंच. जागा काही जास्त लागत नाही. आणि पारा कुठला ते लिहा, शिवाजीनगरचा की पाषाणचा की निफाडच्या शेतातला. नेहमी शेकोटीचाच फोटो न देता कधी दुपारी स्वेटर कमरेला बांधून चाललेल्या कॉलेजच्या मुलांचा द्या, तोही त्याच दिवसाचा, त्याच पुण्याचा असतो.

ही चौकट ऑनलाइन आवृत्तीत रोज संध्याकाळी ६ च्या आत टाकलीत तर फारच बरं, आमच्या पुण्याच्या गाड्या रात्री सुटतात आणि बॅगा त्याच्या आधी भरायच्या असतात. कोकण आवृत्तीत तरी यंदापासून सुरू करा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक,
चिपळूण